अर्लिसचा हळू बुडणारा मासा

अर्लिस बेन्केने स्वयंपाकघरातल्या टेबलावरची न्याहारीची बशी, मीठ-मिऱ्याच्या बाटल्या आणि चर्चचं पत्रक असं सगळं एका बाजूला सारलं आणि तिथे तीन लाकडी मासे, गळाला लावायची आमिषं, ओळीने मांडले. वीतभर लांब, चपटे, पोटाखाली लोंबणारे तिहेरी गळ. तिचा नवरा मर्ल याने ते तळघरात बसून मेपलच्या लाकडातून कोरले होते. रंगवले होते अर्लिसने. मर्ल गेला, त्यालाही आता बरेच हिवाळे झाले. मासे मात्र आजवर भिंतीवर जसेच्या तसे टांगलेले होते, डोळे वटारून.

मर्लचा धाकटा भाऊ ड्वेन दार न वाजवता आत आला, स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि टेबलाकडे बघून म्हणाला, "काय, सौंदर्यस्पर्धा भरवलीस का?"

"यातला एक उद्या माझ्याबरोबर पाण्यावर येणार."

"कशाला हवाय तो? मी दोन सकर मासे आणलेत, आमिषाला. जिवंत. बाहेर बादलीत बघ, काय दणदणीत आहेत! उद्या ते गळाला लावून पाण्यात सोडायचे, तू खुर्चीत पाय पसरून बसायचं, सूप प्यायचं आणि तरंगत्या बुचावर नजर ठेवायची. बूच बुडालं की मला हाक मार."

"आणि मग?"

"मग मी आहेच की!"

"म्हणजे मी प्रेक्षकांत."

"पहिल्या रांगेत, बाई! फुकटचा पास!"

"ड्वेन," अर्लिस शांतपणे म्हणाली, "बादलीतल्या त्या सकरला बाहेर बर्फात ठेवून तू आत कॉफी पितोयस. तरी तुमच्या दोघांत अक्कल त्यालाच जास्त असेल असं मला वाटतं."

ड्वेन हसला. पण तो म्हणत होता त्यात जगावेगळं काही नव्हतं. पानं गळून गेली, पाणी हाडापर्यंत गार झालं की विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात सगळेच तसं करतात. क्रुकेड स्पून सरोवरावर त्या दिवसांत दिसेल त्या होडीमागे एक जिवंत सकर हळूहळू ओढला जात असतो आणि त्याचा मालक टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला असतो. मस्की हा मासा म्हणजे मोठा मानी कलावंत. लाख विनवण्या केल्या तरी बाहेर येणार नाही, आणि आलाच तर पडदा पडता पडता, सगळे उठून कोट घालायला लागल्यावर येईल. त्याच्यासाठी उन्हाळाभर हात मोडेपर्यंत आमिष फेकायचं आणि थंडीत सकर सोडून बसायचं, ही तिथली रीत. म्हातारी माणसं तर बारा महिने बसूनच असतात.

अर्लिसला बसायचं नव्हतं. आणि या वेळी प्रश्न हौसेचा नव्हता, होडीचा होता.

झालं होतं असं. वसंतात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. मुलगी जोलीन तेव्हापासून मागे लागली होती, की मा, आता पुरे, होडी विकून टाक. तिने वॉसॉहून एक गिऱ्हाईकही शोधून आणलं. दर शुक्रवारी सगळं गाव तळलेला मासा खायला हॉटेलात जमतं, तिथे भर गर्दीत, राईच्या पावाचा तुकडा हातात असताना, मायलेकींची जुंपली. अर्लिसच्या समोर ब्रँडीचा दुसरा पेला होता. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हरणांची शिकार सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी मी पाण्यावर जाते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभी राहून याच हाताने आमिष फेकते. ड्वेन साक्षीदार. हात थांबला, तर होडी तुझ्या गिऱ्हाइकाची!"

लोकांनी टेबलं बडवली. जोलीनचा चेहरा पडला; पण शब्द बाहेर गेला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तसं बघितलं तर अर्लिस जन्मभर हेच करत आली होती. बापाने सांगितलं, ट्रॅक्टर पोरांनी चालवायचा; तर ही पुढच्या रविवारी ट्रॅक्टरवर बसून, टोपी-हातमोजे घालून, चर्चला गेली. शाळेची बस चालवायला घेतली तेव्हा आयांचे फोन आले, की बाई माणूस बर्फात बस कशी काढणार? तिने काही उत्तर दिलं नाही. आपल्या मागच्या पहिल्या बाकावर स्वतःची जोलीन आणून बसवली आणि बस काढली. फोन बंद झाले.

मस्की धरणाऱ्यांचा गावात एक क्लब होता. त्यात बायकांनी वर्षातून एकदा सहलीला बटाट्याचं सॅलड करून आणायचं, एवढंच. एका सहलीला अर्लिस उशिरा पोचली, ओल्या पोत्यात गुंडाळलेला मस्की घेऊन. मासा धरून घरी नेण्याचे दिवस होते ते; आता धरून परत सोडतात. तिने तो सॅलडच्या वाडग्यांमध्ये, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, डोक्यापासून शेपटीपर्यंत पसरला. शेपूट टेबलाबाहेर गेली. मग हात पुसत अध्यक्षांना म्हणाली, "मी आले मासा घेऊन. आता सॅलड कोण करणार ते तुम्ही ठरवा." पुढच्या वर्षीचं सॅलड ड्वेनने केलं. मीठ विसरला.

अशा बाईला खुर्चीत बसवायला निघालेला माणूस आज तिच्याच स्वयंपाकघरात तिचीच कॉफी पीत होता.

"बरं, दाखव तरी तुझे उमेदवार," ड्वेन म्हणाला.

अर्लिसने काळा उचलला. "हा दगडासारखा खाली जातो. याला सारखं ओढत राहावं लागतं, नाहीतर मेलेल्या शेवाळात रुततो. उन्हाळ्यात ठीक. आता मासे सुस्त झालेत, त्यांच्या नाकासमोरून हा पळून जाईल."

"मग तो पिवळा पट्ट्यांचा?"

"तो थांबला की वर येतो. झोपाळलेल्या माशाला वर मान करायला लावतो. कोण करणार?" तिने तिसरा हातात घेतला. राखाडी पाठ, पांढरं पोट. "हा बघ. हा हळू बुडतो. मनगटाने एक हलकी टिचकी द्यायची आणि दोरी सैल सोडायची, की हा डावीकडे घसरत जातो. दुसरी टिचकी, उजवीकडे. आणि टिचकी थांबवली, की वर नाही, तळाला नाही, तिथेच डुलत डुलत किंचित खाली उतरतो. खांद्याचं कामच नाही. सगळं मनगटाचं."

"हल्लीची तरणी पोरं तर भाकरीएवढी रबरी आमिषं फेकतात."

"त्यांचे खांदे अजून त्यांचेच आहेत."

बोलणं मोठं कठीण नसतं. बोलता बोलता थांबणं कठीण असतं. ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी सगळं सभागृह श्वास रोखून धरतं. तो राखाडी मासा बरोब्बर तेवढंच करायचा. मस्की दिवसभर मागे मागे येईल, पण तोंड उघडेल ते त्या थांबण्यात. खालपर्यंत न पडता आणि वर न तरंगता जो थांबू शकतो तो हाच, हे अर्लिसला पक्कं ठाऊक होतं.

ड्वेन गेल्यावर तिने माशाची चाचणी घ्यायची ठरवली. जुने गळ गंजले होते म्हणून तिने नवे लावले होते, आणि गळ बदलले की बुडण्याची चाल बदलते. मर्ल ही चाचणी घरामागच्या धक्क्यावरून सरोवरातच घ्यायचा. पण गोठण्याआधी सगळे आपापले लाकडी धक्के पाण्याबाहेर ओढून ठेवतात, तसा तिचाही धक्का केव्हाच झाडाखाली पडला होता. मग तिने न्हाणीघरातला टब भरला. बोटं सकाळपासून आखडली होती, म्हणून चांगलं ऊन ऊन पाणी सोडलं. त्यात मासा सोडला. तो झाडावरून सुटलेल्या पानासारखा, घाई न करता, खाली उतरत गेला.

"शाबास," अर्लिस त्याला म्हणाली, आणि हात शेकत तशीच थोडा वेळ बसून राहिली.

शनिवारी उजाडताना सरोवरावर धुकं होतं आणि काठाला काचेसारखा पातळ बर्फ. ड्वेनने होडी ढकलली. आपले सकर त्याने मागच्या बाजूने सोडले आणि पुढची घडीची खुर्ची मुद्दाम उघडून ठेवली.

"आहे आपली. लागली तर."

अर्लिसने बुटाच्या टाचेने ती मिटवली आणि पहिली फेक केली. खांदा कुरकुरला, पण गळाची काठी वाकली, दोरी सुटली, मासा लांब जाऊन नीट पडला. तिने त्याला खाली जाऊ दिलं. थांबली. टिचकी दिली. मासा पाण्याखाली जेमतेम हातभर अंतरावर डावीकडे घसरला. ती पुन्हा थांबली. मासा तिथेच. खाली उतरायचं नावच नाही. रुसलेल्या पोरासारखा तो वरच अडून बसला होता.

ड्वेनने मान उंचावली. "अर्लिस, तो बुडतोय की पोहायला शिकतोय?"

तिने ओढून घेतला, पुन्हा फेकला. तेच. मस्की खाली खडकांच्या कडेला, आणि आमिष हे असं वर अडकलेलं. ती पाण्याकडे बघत राहिली, हातमोजा काढून बोटं पाण्यात बुडवली, आणि एकदम ओरडली, "टब!"

"काय टब?"

"मी त्याला ऊन पाण्यात तोललं! गार पाणी जड असतं, ड्वेन. ऊन पाण्यात जो बुडतो त्याला हे पाणी वर धरून ठेवतं. मर्लने मला हे शंभरदा सांगितलं असेल. मी जन्मभर मासे रंगवले आणि स्वतःच न्हाणीघरात बसून असा गाढवपणा केला!"

ड्वेनला हसू आवरेना. "मर्लने कधी ऊन पाण्यात चाचणी घेतली नाही खरी."

"मर्लने त्या घरात कुणाला ऊन पाणी मिळू दिलं होतं का?"

दोघंही हसली. मग ड्वेन जरा गंभीर झाला. "ऐक माझं. बस. एक सकर तुझ्या नावाचा. जोलीनला मी सांगतो काहीतरी."

"तुझ्या हत्यारांच्या पेटीत काय आहे?"

"पक्कड, फ्यूज, ट्रेलरच्या दिव्यांच्या तारा जोडायला मऊ शिशाची तार..."

"तार दे."

होडी वाऱ्यावर वाहत होती. अर्लिसने चष्मा कपाळावर ढकलला आणि शिशाची तार पुढच्या गळाच्या दांड्याभोवती गुंडाळली. मासा होडीच्या कडेला पाण्यात धरला. नाक खाली करून बुडाला. चूक. थोडी तार सोडवून मागच्या गळाला दिली. आता शेपूट लोंबली. बोटांना काही कळेनासं झालं होतं, ड्वेन म्हणाला, "आण इकडे, मी गुंडाळतो." ती म्हणाली, "पक्कड धर आणि गप्प बस." पुन्हा एक वेटोळं काढलं, पुन्हा बुडवला. मासा आडवा, सरळ, पोट किंचित हलवत, त्या काळ्या पाण्यात शांतपणे उतरत गेला.

"आता बुडतोय," ड्वेनने कबूल केलं.

मग सकाळभर त्या होडीत फार बोलणं झालं नाही. फेक, उतरणं, टिचकी, थांबणं. काठीवरच्या कड्यांमध्ये बर्फ धरे. अर्लिस काठी पाण्यात बुडवून तो घालवी. मनगट छान चालत होतं. फसवलं ते फेकण्याने. ओढायला खांदा लागत नाही, पण फेकायला थोडा तरी लागतोच, आणि थोडं थोडं करत दुपारपर्यंत त्याचं खूप झालं. जेवणाची वेळ टळून गेल्यावर तिने काठी मागे नेली आणि हात वर आलाच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ पांढरे पडले. काठी गुडघ्यापर्यंत येऊन थांबली.

ड्वेनने हे बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवायला तो सकरच्या बुचाकडे एकाग्र झाला.

अर्लिस उभीच होती. मिटलेली खुर्ची तिच्या पायाला टेकत होती. थोड्या वेळाने तिने काठी डाव्या हातात घेतली.

"अगं, डाव्या हाताने?"

"दोन दिलेत देवाने."

पहिली डावी फेक इतकी वाईट होती की मासा होडीच्या नाकाजवळच धपकन पडला. दुसरी कुठेतरी आकाशात गेली. शाळेतलं पोर बरं. पण ती फेकत राहिली, शिव्या देत, पाय रोवून. ऊन तिरपं झालं तेव्हा मासा जिथे पडायला हवा त्याच्या आसपास तरी पडू लागला होता.

"मी जोलीनला सांगेन," ड्वेन घसा खाकरून म्हणाला, "की तू दिवसभर फेकत होतीस. खोटं नाही ते."

"अर्धं खोटं आहे. तू काही सांगू नकोस."

तेवढ्यात राखाडी माशाच्या मागे पाणी काळं झालं.

जुन्या ओंडक्यासारखं काहीतरी तळातून वर आलं होतं आणि माशाच्या शेपटीमागे, त्याच चालीने, येत होतं. "ड्वेन," अर्लिस ओठ न हलवता म्हणाली. टिचकी. मासा डावीकडे, ओंडकाही डावीकडे. टिचकी. उजवीकडे, तोही उजवीकडे. होडी आता हाताच्या अंतरावर. इथे कुणी ओढून काढत नाही. काठीचं टोक पाण्यात खुपसून माशाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं असतं. अर्लिसने डाव्या हाताने टोक खुपसलं, कमरेतून वाकली आणि पहिलं वळण घेतलं. मस्कीही वळला. एवढा लांब, की त्याचं डोकं वळून आलं तरी शेपूट अजून पलीकडेच होती. दुसऱ्या वळणावर ती थांबली.

जन्मभराचा सगळा उतावळेपणा गिळून ती थांबली. लाकडी मासा डुलला आणि किंचित खाली उतरला.

पांढरं तोंड उघडलं.

काठी गुडघ्यावर आपटली, होडी एका बाजूला कलली, बादली उलटली. "दे इकडे!" ड्वेन धावला. "अर्लिस, तुझा हात जाईल, दे काठी!"

"हात लावलास तर त्या बादलीत कोंबीन तुला!"

तिथला नियम असा, की ज्याच्या गळाला मासा लागला त्यानेच तो होडीशी आणायचा. दुसऱ्याचा हात काठीला लागला, की तो मासा तुमचा म्हणायची सोय नाही. ड्वेन जाळं घेऊन तसाच वाकून उभा राहिला. मस्की होडीखाली गेला, बाहेर आला, पाण्यावर अर्धा उठला; हिरवट-सोनेरी कूस, त्यावर काळ्या रेघा. त्याने डोकं जोरात झटकलं. राखाडी मासा सुटून हवेत उडाला आणि होडीच्या पत्र्यावर टण्णकन आदळला.

लाटा येऊन होडीला लागल्या आणि शांत झाल्या.

"मला दिली असतीस," ड्वेन हळूच म्हणाला.

"तर तुझा सुटला असता," अर्लिस धापा टाकत म्हणाली. "हा माझा सुटला." आणि तिने आमिषावर उमटलेले दातांचे ओरखडे अंगठ्याने चाचपले, गळ तपासले, पुन्हा डाव्या हाताने फेकलं. सूर्य झाडांमागे जाईपर्यंत फेकत राहिली.

उतरायच्या जागी जोलीन रबरी बूट घालून काठाच्या उथळ पाण्यात उभी होती. तिचे हात खिशात होते.

"झालं, मा?"

ड्वेन तोंड उघडणार, तेवढ्यात अर्लिसच म्हणाली, "नाही झालं. दुपारी उजवा हात गेला. मग डाव्याने फेकलं. मासा लागला आणि सुटला."

जोलीनने डोळे मिटले. "मग... ठरलं होतं आपलं. तो माणूस उद्या चर्च सुटल्यावर येणार आहे."

"त्याला फोन कर. म्हणावं, येऊ नकोस. होडी कामावर आहे."

"मा! सगळ्या गावासमोर तूच बोललीस!"

"हो, मीच बोलले. माझ्याच होडीसाठी मी माझी परीक्षा घेऊ द्यायला निघाले. डोकं फिरलं होतं माझं. ब्रँडी होती आणि मिजास होती. तो शब्द मी परत घेते."

"म्हणजे हरलीस की शब्द फिरवायचा?"

"फिरवायचा! आजवर एकही फिरवला नाही. एवढा एक फिरवायचा हक्क कमावलाय मी. शुक्रवारी हॉटेलात जाऊन, उभी राहून सांगते सगळ्यांना, की अर्लिस बेन्के हरली आणि होडी देत नाही. हसू देत."

जोलीनचा आवाज फुटला. "मला कुणाच्या हसण्याचं काय? तू एकटी पाण्यावर असतेस, फोन लावला तर उचलत नाहीस, आणि मी कामावर घड्याळाकडे बघत बसते. हात एक गेलाय, मा. उद्या दुसरा जाईल. मग?"

अर्लिस होडीच्या नाकावर उभी होती, उजवा हात कोटाच्या बटणांत अडकवलेला, आणि लेक खाली, घोट्याएवढ्या पाण्यात.

"मग दातांनी फेकीन," ती म्हणाली. "आणि एकटी जाऊ नको म्हणतेस ना, ते मात्र मान्य. तू ये."

"मी?"

"ड्वेनला जाळं धरता येत नाही. मासा बघून हा थिजतो."

"मी थिजलो नव्हतो, नियम पाळत होतो!" ड्वेन मागून ओरडला. "आणि माझे सकर?"

"ते घरी ने आणि मुरवून ठेव. नाताळात खाऊ." अर्लिस खाली वाकली. राखाडी मासा दोरीने धरून तिने होडीच्या कडेला, जोलीनच्या बुटांपुढच्या खोल पाण्यात सोडला. "ये, खाली वाक. बघ."

जोलीनने नाक पुसलं. ती रागातच होती. तरी वाकली.

"सगळे म्हणतात, ओढत राहा, ओढत राहा," अर्लिस म्हणाली. "आता मी काहीच करत नाहीये. बघ काय करतोय तो."

मासा त्या उरल्यासुरल्या उजेडात पोट हलवत, अगदी सावकाश खाली चालला होता.

"मी घाई करेन, मा," जोलीन म्हणाली. "मला माहितेय. मी ओढेन."

"ओढशील. मग मी ओरडेन." अर्लिसने काठी डाव्या हातातून तिच्या हातात दिली. "धर."